विहिरी दोन, झरा एक

मे महिन्यात पावसला वीज गेली की सेवा एकदम बंद पडत नाहीत, रांगेने पडतात. आधी घरातला राउटर जातो, कारण त्याला इन्व्हर्टरची तार जोडायचं कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. टॉवरच्या बॅटऱ्या उतरेपर्यंत मोबाइलचं नेट रडतखडत चालतं. जनरेटरला डिझेल पोचलं तर पुढेही चालतं, नाही पोचलं तर तेही थांबतं. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या मांडून बसलेल्यांच्या पुढ्यात क्यूआर कोड असतातच, पण पैसे काही येत नाहीत, आणि मुंबईचं गिऱ्हाईक एका हातात पेटी धरून दुसऱ्या हाताने फोन आभाळाकडे करतं. विक्री मात्र थांबत नाही. ओळखीचा माणूस असेल तर वहीत नाव जातं, अनोळखी असेल तर खिशातली नोट निघते, नोटही नसेल तर पेटी बाजूला ठेवून ‘रेंज आली की या’ म्हणून सांगितलं जातं. कोणत्या परिस्थितीत काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे आंबेवाल्याच्या डोक्यात वीज जाण्याआधीच पक्कं असतं. ज्यांच्याकडे हजारो सर्व्हर आणि शेकडो इंजिनिअर आहेत, अशा अनेकांचं ते पक्कं नसतं. म्हणून रत्नागिरीच्या दक्षिणेला, विसेक किलोमीटरवरच्या या गावात बसून हे पुस्तक लिहिताना मला फार अवघडल्यासारखं झालं नाही. बिघाड बघायला इथून दूर जावं लागत नाही.

पुस्तकाचा विषय आहे जाळ्यावर चालणाऱ्या संगणकसेवा: बँकेचा व्यवहार, रेल्वेचं आरक्षण, सातबारा, बंदरातली कंटेनरची नोंद, यूपीआय. या सेवा बांधायच्या कशा, की त्यातला एखादा भाग बंद पडला, किंवा कुणी मुद्दाम तो पाडला, तरी सगळा डोलारा कोसळू नये. ‘बंद पडणं’ आणि ‘पाडणं’ हे आजवर दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानले गेले. कंपन्यांत एक टोळी सेवा चालू ठेवते आणि दुसरी टोळी चोर अडवते. दोघांची बैठक वेगळी, भाषा वेगळी, आणि खरं सांगायचं तर दोघांचं एकमेकांशी फारसं पटतही नाही. मी दोन्ही एका पुस्तकात घेतले आहेत. कारण पहिल्या अर्ध्या तासात, जेव्हा पडदे काळे होतात आणि फोन वाजायला लागतात, तेव्हा हे वादळ आहे, चूक आहे की हल्ला, हे कुणालाच सांगता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून बघा. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईसाठी कित्येक वर्षांपासून एक खास सोय आहे. बाहेरची ग्रिड कोसळली तर शहराने आपोआप तुटून वेगळं व्हायचं आणि आपल्याच वीजकेंद्रांवर चालायचं. त्या दिवशी ही सोय कामाला आली नाही. शहरात त्या घटकेला तयार होणारी वीज आणि शहराला लागणारी वीज यांचा मेळच बसला नाही. पुढे वाद रंगला तो कारणाचा. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय सांगितला, एका अमेरिकी संस्थेने चिनी हल्लेखोरांचा माग काढल्याचं म्हटलं, आणि केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ती माणसाची चूक होती असं ठरवलं. वर्तमानपत्रांना हा वाद महत्त्वाचा वाटला. मला तितकासा वाटत नाही. तुटून वेगळं होण्याची सोय चीनसाठी एक आणि चुकलेल्या ऑपरेटरसाठी एक अशी दोन प्रकारची नसते. कारण काहीही असलं तरी ती चालायला हवी होती. ती का चालली नाही, हा प्रश्न त्या वादात मागे पडला, आणि सेवा बांधणाऱ्याने मात्र सर्वांत आधी तोच विचारायला हवा.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र भरपूर सापडतो. १९६४ साली रँड संस्थेच्या पॉल बॅरनने दाखवलं, की संदेशवहनाचं जाळं एका मध्यावर न टांगता गाठी-गाठींनी विणलं तर अणुहल्ल्यात बऱ्याच गाठी गेल्या तरी संदेश वाट काढतो. इंटरनेटमागच्या कल्पनांपैकी ही एक. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाच्या किड्याने त्याच जाळ्यावरची हजारो यंत्रं ठप्प केली आणि दिसून आलं, की वाट काढण्याची हीच हुशारी रोगालाही पसरायला मदत करते. गंमत अशी, की जाळं जितकं विखुरलेलं राहिलं तितक्या त्यावरच्या सेवा विखुरलेल्या राहिल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळी एकदम सहाएक तास गायब झाली. कारण कंपनीच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यासारख्या जाळ्यावर देखभाल करताना दिलेली एक आज्ञा. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे इंजिनिअरांना आत शिरायलाच वेळ लागला. पावसच्या आंबेवाल्याच्या वहीला निदान व्हॉट्सअ‍ॅपचा पासवर्ड लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहिलं तिच्याकडे येतो. सेवा टिकाऊ करायची म्हटलं की पहिला उपाय सुचतो तो जोडीचा. एक सर्व्हर असेल तर दोन घ्या, दोन असतील तर चार. विकणाऱ्यालाही हाच उपाय आवडतो. पण आमच्याकडे वाडीत दोन विहिरी असून मेमध्ये दोन्ही एकाच आठवड्यात आटतात, कारण खाली झरा एकच असतो. वरून बघणाऱ्याला दोन कठडे, दोन रहाट दिसतात. जोडलेल्या सेवांतले मोठे अपघात बहुतेक याच जातीचे आहेत. भाग दोन होते, दोघांना काहीतरी समाईक होतं, आणि ते समाईक आहे हे कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेलं आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा किडा सुटला. तो खंडणी मागितल्याचं सोंग करायचा, प्रत्यक्षात डिस्क पुसायचा. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्याने काही तासांत आडवं केलं, आणि उरणजवळ न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल बंद पडलं. कोपनहेगन आणि न्हावाशेवा यांच्यात जो समुद्र आहे त्याला या बाबतीत काही अर्थ नव्हता. कंटेनर रायगडात, तो कुणाचा आणि कुठे जायचा याचं ज्ञान दुसऱ्या खंडात, आणि तेच पुसलेलं.

मर्स्कचे लोक बॅकअप शोधायला लागले. सर्व्हरांचे बॅकअप बऱ्याच ठिकाणी सापडले. सापडेना तो एकच थर. कोण कोणाला ओळखतं, कुणाला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे ‘डोमेन कंट्रोलर’. अशी सुमारे १५० यंत्रं जगभर पसरलेली होती आणि ती एकमेकांशी सतत ताळा जुळवत असत. एक गेलं तर उरलेली १४९ आहेतच, म्हणून वेगळा बॅकअप ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. ती सगळी एका दिवशी गेली. वाचलं ते घानामधल्या कार्यालयातलं एक, आणि तेही का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते जाळ्यापासून तुटलेलं होतं! घानाच्या जोडणीवरून एवढा डेटा इंग्लंडला पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून एका माणसाने डिस्क घेऊन नायजेरिया गाठलं आणि तिथे ती पुढे इंग्लंडला नेण्यासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, हा आकडा तिच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितला. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

महावितरणवर चिडणाऱ्या कोकणी माणसाला ही गोष्ट सांगितली की तो हसतो. हसून झाल्यावर त्यातला मुद्दा मात्र नीट बघायला हवा. १४९ प्रती कामाच्या ठरल्या नाहीत आणि एक ठरली, कारण ती एक त्या क्षणी इतरांचं ऐकत नव्हती. हे घानात नशिबाने झालं. ते हेतूने कसं करायचं, म्हणजे निदान एक प्रत जोडलेली नसलेली, जिच्यावर नंतर लिहिता येत नाही अशी कशी ठेवायची, याला पुस्तकातलं चौथं प्रकरण पूर्ण दिलं आहे. ते सर्वांत कंटाळवाणं आहे आणि सर्वांत उपयोगाचंही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं, कारण त्यात काहीच बंद पडलं नव्हतं. ही १९०६ सालची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिच्या व्हिसा कार्डांवर सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. भारतात रुपे कार्डांवर आणखी २,८०० च्या वर व्यवहारांतून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. बँकांना लुटण्यासाठी जगभर एटीएम उपसण्याची तयारी चालली आहे, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी दिला होता.

कसं झालं ते समजून घ्यायला तांत्रिक ज्ञान फार लागत नाही. कार्ड यंत्रात गेलं की एटीएमकडून विचारणा बँकेच्या स्विचकडे येते. स्विच ती कोअर बँकिंगकडे नेतो, म्हणजे जिथे खरी खाती आहेत तिथे. शिल्लक आहे का, मर्यादेत आहे का, हे बघून होकार किंवा नकार त्याच वाटेने परत जातो. हल्लेखोरांनी मधे एक बनावट स्विच बसवला. तो आत कुणाला काही न विचारता प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत राहिला. कोअर बँकिंगला बाहेर काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत. पैसे गेले ते बँकेचे.

इथे १९८२ सालचा एक जुना निबंध आठवतो. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी एक कोडं मांडलं. शहराला वेढा घालून बसलेले काही सेनापती निरोप्यांकरवी एकमेकांशी बोलतात, त्यांच्यात काही फितूर आहेत, तर निष्ठावंतांनी एकमताने निर्णय कसा घ्यावा? उत्तर असं निघालं, की एक फितूर पचवायचा तर एकूण किमान चार सेनापती लागतात. मेलेला भाग ओळखणं सोपं असतं, कारण तो गप्प असतो. खोटं बोलणारा भाग वेळेवर, नीट मांडणीत, खात्रीने उत्तर देतो. तोच महागात पडतो. बँकेच्या यंत्रणा गप्प बसणाऱ्या स्विचसाठी तयार असतात, त्याच्या जागी दुसरा लगेच उभा राहतो. फितूर स्विचसाठी मात्र त्या वेळी फार थोड्यांनी तयारी केली होती.

उपाय म्हणून कुणी चार-चार स्विच बसवा म्हणणार नाही. ते कुठल्याच सहकारी बँकेला परवडायचं नाही. स्वस्त उपाय कारकुनी आहे. बाहेर किती रकमेला होकार गेले आणि आत खात्यांतून किती रक्कम वजा झाली, या दोन आकड्यांची तुलना तिसऱ्याच, वेगळ्या यंत्राने दर मिनिटाला करायची, आणि फरक ठरावीक रकमेच्या वर गेला की बाहेरचं दार लावायचं. दिवसाअखेर ताळा जमवण्याची पद्धत बँकांत शंभर वर्षं आहे. संगणक आल्यावर पैसा सेकंदात धावायला लागला आणि ताळा मात्र रात्रीचाच राहिला. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. तिथल्या कुणाला पुण्याच्या कोर्टात उभं राहावं लागेल असं मला वाटत नाही.

मर्स्क आणि कॉसमॉस ही दोन उदाहरणं शत्रूंची झाली. तिसरं उदाहरण सज्जनांचं आहे, आणि मला ते जास्त आवडतं. मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याभरात १,८०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला आणि पुढे १२ एप्रिलला देशभर यूपीआय अडखळलं. एप्रिलमधल्या घटनेचं कारण मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने शोधलं, तेव्हा कुणी हल्लेखोर सापडला नाही. काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. प्रश्नांच्या या गर्दीत नव्या व्यवहारांना वाट मिळेना.

प्रत्येक बँकेच्या बाजूने बघितलं तर ती काही चूक करत नव्हती. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. पण सेवा थरांवर थर रचून उभी असते. फोनमधलं अ‍ॅप तीनदा प्रयत्न करतं, त्याच्या मागची यंत्रणा प्रत्येक प्रयत्नाला तीनदा, तिच्या मागची पुन्हा तीनदा. शेवटच्या थरावर एका माणसाच्या एका चहाच्या पैशांसाठी २७ धडका बसतात. आणि त्या बसतात कधी? तो थर आधीच दमलेला असतो तेव्हा. म्हणजे मूळ बिघाड पाच मिनिटांचा असला तरी चौकशांचा लोंढा त्याला तासाभराचा करतो. बाहेरून बघणाऱ्याला हा मुद्दाम केलेला हल्लाच वाटेल, आणि आकड्यांत बघितलं तर तो तसाच असतो.

यावरचे उपाय साधे आहेत पण स्वभावाविरुद्ध जाणारे. उत्तर आलं नाही तर थांबायचं. दुसऱ्यांदा विचारण्याआधी दुप्पट थांबायचं, तिसऱ्यांदा त्याच्याही दुप्पट, आणि प्रत्येकाने थोडं वेगवेगळं थांबायचं, नाहीतर सगळे मिळून त्याच क्षणी परत येतात. पलीकडचा सतत नापास होत असेल तर काही काळ त्याला विचारणंच बंद करायचं. प्रत्येक व्यवहाराला त्याचा स्वतःचा क्रमांक असायला हवा, म्हणजे तो दोनदा पोचला तरी पैसे एकदाच कापले जातील. आणि गर्दी झाली की काहींना लगेच, स्पष्ट नकार द्यायचा. हे शेवटचं आपल्याला जड जातं. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘बघतो’ म्हणणं आपल्याकडे सभ्य मानतात. संगणकसेवेत ‘बघतो’ म्हणून ताटकळत ठेवलेली प्रत्येक विचारणा जागा अडवून बसते आणि शेवटी सगळ्यांचंच काम अडतं. एनपीसीआयने नंतर बँकांना अशा चौकशांवर मर्यादा घातल्या आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपमधून दिवसात ५० वेळाच शिल्लक बघता येईल असा नियम केला. दिवसात ५० वेळा शिल्लक बघणारा माणूस कोण, हा प्रश्न मलाही पडला होता. बरेचदा तो माणूस नसतोच, अ‍ॅप स्वतःहून बघत असतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. छोट्या रकमा फोनमध्येच बाजूला काढून ठेवायच्या आणि चहा-वडापावसाठी दर वेळी बँकेच्या कोअर बँकिंगचं दार वाजवायचं नाही. लोकांना ती सोय पिन टाकावी लागत नाही म्हणून आवडते. बांधकामाच्या दृष्टीने बघितलं तर ज्याच्यावर सगळ्यांचा भार त्याच्यावरचा भार तिने कमी केला आहे.

तुटून वेगळं होण्याचा विषय मुंबईच्या विजेच्या निमित्ताने आला होता. तो चांगला वठलेला बघायचा तर ३१ जुलै २०२४ ची घटना बघावी. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशभरच्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांची यंत्रणा चालवते. तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाल्याचं कळल्यावर एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम त्यामुळे थांबलं. बाकीचा देश चालत राहिला, आणि तपासणी करून दुसऱ्या दिवशी जोडणी परत दिली गेली. निर्णय बरोबर होता, त्यात मला शंका नाही. पण किंमत कुणी मोजली तेही बघा. मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेच्या खातेदाराला काही कळलंच नाही. ज्या तालुक्यात एकच सहकारी बँक आणि तिचं एकच एटीएम आहे तिथला माणूस मात्र ऐन महिन्याच्या शेवटी हात हलवत परतला. ३०० बँका, ३०० संचालक मंडळं, ३०० पाट्या, आणि खाली एक यंत्रणा. एकेकट्या बँकेला स्वतःची यंत्रणा उभारणं परवडत नाही हे खरं आहे. म्हणून ती सामायिक करावी, पण कुणीतरी बसून हा तक्ता मांडावा, आणि त्या दिवशी शाखेत काय करायचं ते मराठीत एका पानावर लिहून भिंतीला लावावं.

कोकणात हे सगळं अधिक उघडं दिसतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडकडे बरेच दिवस वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं. त्याच वर्षी जुलैत वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. तळमजल्यावर संगणक आणि शेजारच्या कपाटात त्याचा बॅकअप ठेवणाऱ्याचं दोन्ही एकाच पाण्यात जायचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दोन कंपन्यांची दोन सिमं बाळगणाऱ्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असल्या तर तो पडला की दोन्ही जातात, आणि दोघांची फायबर महामार्गाच्या कडेने एकाच चरातून आली असली, तर रुंदीकरणाचा जेसीबी एका फटक्यात दोन्ही कापतो. देशाचंही फार वेगळं नाही. समुद्राखालून भारतात येणाऱ्या केबली मुख्यतः मुंबई आणि चेन्नईलाच वर येतात, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांपैकी बऱ्याच तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या वाटेने जातात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट मंदावलं होतं.

नियमांबद्दल दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पायऱ्यांची चौकट दिली. बँकेची पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यांशी जेवढी जोडणी जास्त तेवढी पायरी वरची. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. दोन्ही नियम शहाणे आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आपण नियम पाळतो तो तपासनीस येण्याच्या तारखेला. ‘बॅकअप घेतला’ या रकान्यात टिकमार्क असते. तो बॅकअप शेवटचा कधी उतरवून चालवून बघितला, असा रकाना मला फार थोड्या फायलींत दिसला. नेटफ्लिक्सने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दिवसाढवळ्या, कामाच्या वेळेत, स्वतःचेच सर्व्हर मुद्दाम पाडणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याला माकडाचं नाव दिलं. आपल्या बँकांनी माकड सोडावं असं मी म्हणत नाही. पण १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटमुळे जगातल्या सुमारे ८५ लाख संगणकांचे पडदे निळे पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून विमानं सोडली गेली. ज्यांना ते लिहिता आलं, त्यांच्याकडे नमुना माहीत असलेली माणसं होती.

पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. हल्ला कसा करावा याच्या पाककृती नाहीत. कोणतं उत्पादन विकत घ्यावं याचा सल्ला नाही, कारण छपाई होईपर्यंत तो शिळा होतो. गणित थोडं आहे, ते सातव्या प्रकरणात कोंडलं आहे आणि गाळून पुढे गेलात तरी चालेल. रत्नागिरी, पुणे, नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं हे वाचतील अशी आशा आहे. पण लिहिताना डोळ्यांपुढे जास्त करून ती माणसं होती, जी तालुक्याच्या पतसंस्थेत, नगरपरिषदेत, छोट्या रुग्णालयात ‘तो कम्प्युटरवाला’ म्हणून ओळखली जातात. पगार कारकुनाचा आणि जबाबदारी अख्ख्या संस्थेची. त्यांनी पहिलं प्रकरण वाचून थेट चौथ्यावर जावं.

आणि अशा संस्थांच्या अध्यक्ष-संचालकांना एक विनंती. येत्या मेमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी, एखाद्या रविवारी त्या ‘कम्प्युटरवाल्या’ला एक रिकामा संगणक द्या, जुन्या सर्व्हरची तार काढा आणि बॅकअपवरून संस्था उभी करून दाखवायला सांगा. किती तास लागले ते इतिवृत्तात लिहा, आणि त्या दिवसाचा त्याला भत्ता द्या.